रिकाम्या बाकांचा जाब हजर असलेल्यांना विचारू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका ज्येष्ठ ख्रिस्ती बांधवाचे पत्र आले होते. रविवारच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बाके रिकामी राहू लागली आहेत, तरुण तर दिसेनासेच झाले आहेत, अशी खंत त्यांनी व्यक्त केली. मोबाईल, परदेशातला पैसा आणि घरातले ढिले पडलेले संस्कार ही कारणे सांगून पाद्रींनी आता कडक व्हावे, असे त्यांनी सुचवले. बाके रिकामी आहेत हे मलाही दर रविवारी दिसते आणि तितकेच लागते. कारणांबद्दल आणि उपायाबद्दल मात्र माझे मत निराळे आहे. पत्र लांबणार आहे. जमल्यास पूर्ण छापावे ही विनंती.

मी गोव्यात, बार्देशात राहते. माहेर डिचोलीचे. तिकडे ख्रिस्ती घरे मोजकीच. घरात कोकणी, शाळेत मराठी, असेच आम्ही वाढलो. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झाले आणि आता आमच्या वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समुदायाचे काम पाहते. इतर वाचकांसाठी सांगते: एका चर्चच्या कक्षेतल्या वस्तीला आम्ही फिर्गज म्हणतो, आणि फिर्गजीतल्या प्रत्येक वाड्यावर शेजारशेजारच्या घरांचा असा एक समुदाय असतो. बायबल वाचणे, आजाऱ्याला भेटणे, कोणाकडे दुःखद प्रसंग आला तर धावून जाणे, हे त्याचे काम.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली सिनोदची, म्हणजे बिशपांच्या सभेची, प्रक्रिया सुरू केली. बिशपांनी रोममध्ये बसून चर्चा करण्याआधी प्रत्येक धर्मप्रांतात अगदी खालपासून लोकांना विचारावे, आणि जे चर्चपासून दूर गेले त्यांचेही ऐकावे, ही त्यांची अपेक्षा होती. त्या निमित्ताने प्रश्नांचा कागद घेऊन मी वाड्यावर फिरले. चर्चला येणाऱ्यांकडे गेले आणि न येणाऱ्यांकडे जास्त गेले. सिनोदचे शेवटचे अधिवेशन ऑक्टोबर 2024 मध्ये रोमला संपले. माझे घरोघर जाणे चालूच आहे. पुढे लिहिते ते त्या घरांतून ऐकलेले आहे. कोणी ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील मुद्दाम झाकले आहेत.

रिकामे बाक दिसले की श्रद्धा आटली असे म्हणून मोकळे होणे घाईचे ठरेल. आमच्या वाड्यावरच्या कितीतरी घरांना कुलूप आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथला पासपोर्ट घेता येतो. त्या पासपोर्टावर गेलेली आमची माणसे इंग्लंडमध्ये स्विंडनला आहेत, काही आखातात आहेत, काही बोटींवर. 2001 च्या जनगणनेत गोव्यात ख्रिस्ती 26.7 टक्के होते, 2011 मध्ये 25.1 टक्के उरले. जे गेले त्यांतले पुष्कळजण तिथल्या चर्चला नेमाने जातात. त्यांच्या आया मला फोनवरचे फोटो दाखवून हे अभिमानाने सांगतात.

आणि या आया स्वतः? त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. पूर्वी सून नाहीतर नातू हाताला धरून न्यायचा, आता घरात दुसरे माणूस नाही. मार्च 2020 मध्ये चर्चे बंद झाली तेव्हा मोबाईलवर मीस पाहायची सवय लागली, ती तशीच राहिली. ज्या मोबाईलला पत्रलेखक दोष देतात, त्याच मोबाईलसमोर या म्हाताऱ्या रविवारी डोक्यावर रुमाल घेऊन गुडघ्यांवर नाही तरी हात जोडून बसतात. यांना गैरहजर कसे म्हणायचे? महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी कुमगार, म्हणजे मिसेतला पवित्र प्रसाद, नेऊन द्यायची आपली जुनी पद्धत आहे. ती निष्ठेने पाळणारे पाद्री आहेत, पण यादीत नाव घालायला कोणीतरी चर्चच्या ऑफिसात जावे लागते, आणि ज्यांच्याकडे जायला माणूस नाही त्यांचेच नाव राहून जाते.

श्रद्धेचेच म्हणाल तर 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला लाखो लोक आले. से कॅथेड्रलसमोरच्या रांगेत मला आमच्या गावचे कितीतरी चेहरे भेटले, जे गावच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षे दिसलेले नाहीत. मे महिन्यात वाड्यावरच्या खुर्सापाशी (क्रुसापाशी) लादाईन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते, तिथेही हीच माणसे असतात. खुर्साला चुना काढायला, माळा बांधायला, व्हायोलिनवाल्याला आणायला तीच पुढे असतात. म्हणजे देवाशी त्यांचे वाकडे नाही. चर्चच्या दारात काहीतरी झाले आहे. काय झाले, ते प्रत्येकाला विचारल्याशिवाय कळत नाही.

किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणारा एक गृहस्थ आहे. शनिवार-रविवार हॉटेल भरलेले. ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामात त्या दिवसांची रजा मागायचीसुद्धा सोय नाही. "टीचर, माझा आयतार मंगळवारी असतो," तो म्हणाला. मंगळवारी मीस असते ती भल्या पहाटे, आणि सोमवारी रात्री भांडी-ओटे आवरून घरी पोचायला त्याला दीड वाजतो. मांडवीतल्या कॅसिनोंवर रात्रपाळी करणाऱ्या मुलांचेही तेच. ती घरी येतात तेव्हा चर्चची घंटा होत असते आणि त्यांचे डोळे मिटत असतात. चर्चच्या कायद्याने (1983 ची संहिता, कलम 1248) शनिवारी संध्याकाळची मीसही रविवारची म्हणून चालते. पण शनिवारची संध्याकाळ यांच्या कामाच्या ऐन गर्दीची. मी त्याला विचारले, मग तुला मोकळा वेळ कधी असतो? लगेच म्हणाला, दुपारी तीन ते सहा. जेवणे आटोपलेली असतात, रात्रीची तयारी सुरू व्हायची असते, पोरे मागच्या बाजूला खोक्यांवर बसून गप्पा मारतात. रात्रपाळीवालेही तोवर झोप काढून उठलेले असतात. रविवारी दुपारी साडेतीनला जवळच्या चर्चमध्ये मीस असती तर ती मुले कामाच्या कपड्यांत का होईना, आली असती. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.

दुसरी एक बाई. तिशीतली, स्वच्छ आवाजाची. मिसेतले बायबलचे पहिले वाचन बहुतेक तिच्याकडेच असायचे. नवरा बोटीवर. आधी त्याने पैसे पाठवणे बंद केले, मग फोन. ती मुलीला घेऊन आईकडे परत आली आणि त्यानंतर वाचकांच्या यादीत तिचे नाव आलेच नाही. कोणी काढले, कशासाठी काढले, कोणी सांगितले नाही. मिसेनंतर आवारात बायका घोळक्याने थांबतात, तिथे "घोव केन्ना येता गो?" (नवरा कधी येतो गं?) हा प्रश्न ठरलेला. काही आठवडे ती शेवटच्या बाकावर बसली आणि मग यायचीच बंद झाली. आमच्या हिशेबी ती चर्चपासून तुटली. प्रत्यक्षात दर रविवारी ती दोन बस बदलून अशा एका चर्चला जाते जिथे तिला कोणी ओळखत नाही. मीस ऐकायला स्वतःच्या गावापासून लांब पळावे लागते, हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईने वाचन करू नये, कुमगार घेऊ नये, असा चर्चचा कोणताही नियम नाही. यादी करणाऱ्याने एक संध्याकाळ काढून तिच्या आईच्या बाल्कांवात (ओसरीवर) बसायला हवे होते. तिला काही दिवस वाचनातून सुटका हवी असती तर तिनेच सांगितले असते, आणि नको असती तर वाचन तिच्याकडेच राहिले असते. तिच्या वयाच्या, तिच्यासारख्या परिस्थितीतल्या बायका आज प्रत्येक फिर्गजीत आहेत.

आता सायबिणीची गोष्ट सांगते. आमच्याकडे दरवर्षी सायबीण, म्हणजे येशूच्या आईची, मारियामायची मूर्ती, वाड्यावर घरोघर फिरते. एका घरी एक दिवस मुक्काम, संध्याकाळी शेजारीपाजारी जमून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात, आणि मग ती पुढच्या घरी जाते. कोणाकडे कधी, याची यादी आधी तयार होते. एका वर्षी त्या यादीत एका टॅक्सीवाल्याचे घर नव्हते. का, तर "ते चर्चला येत नाहीत ना." मी म्हटले, विचारायला काय हरकत आहे? गेले तर तो दारातच म्हणाला, "सायबीण येते? येऊ दे की!"

त्या संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा अंगण झाडून पाणी मारलेले होते. गेटपासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. आत टेबलावर इस्त्रीचा पांढरा कपडा, त्यावर अबोलीच्या माळा. घरी चार खुर्च्या असतील, पण भाड्याने प्लास्टिकच्या खुर्च्या आणून त्याने अंगणात मांडल्या होत्या. तेर्स त्याच्या मोठ्या मुलीने चालवला, एकदाही न अडखळता, लादाईनसुद्धा तोंडपाठ. तेव्हा मला कळले की या घरात तेर्स कधी बंद पडलाच नव्हता. शेवटी उकडलेल्या चण्यांत ओल्या खोबऱ्याचे तुकडे घालून सगळ्यांना वाटले. माणसे पांगल्यावर खुर्च्या एकात एक बसवता बसवता तो बोलू लागला. वडील वारले तेव्हा दफनाची वेळ ठरवायला तो चर्चच्या ऑफिसात गेला होता. रात्रभर जागलेला. तिथे बसलेल्या माणसाने आधी वही उघडली, इतक्या वर्षांची वर्गणी बाकी आहे म्हणाला, आणि ती भरल्यावर पुढचे बघू म्हणाला. "पैशाचे काही नाही, टीचर. तिथल्या तिथे काढून दिले. पण पप्पांचे नाव विचारायच्या आधी बाकी विचारली." दफन व्यवस्थित झाले, प्रवचनही चांगले झाले. त्या दिवसापासून तो चर्चच्या पायऱ्या चढला नाही. दफनविधीत माणसामाणसांत भेद करू नये, गरिबाला योग्य दफनविधीपासून वंचित ठेवू नये, हे चर्चच्याच कायद्यात (कलम 1181) लिहिलेले आहे. वर्गणीची वही नंतरही उघडता आली असती.

हे मी आमच्या तरुण साहाय्यक पाद्रींना सांगितले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते त्याच्याकडे गेले. हातात काही पत्रक नाही, वही नाही. चहा घेतला. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, त्याच्याकडे बघून ते काय करायचे, आजार काय होता, शेवटचे काय बोलले, असे एकेक विचारत गेले आणि पुष्कळ वेळ नुसते ऐकत बसले. निघताना म्हणाले, "झाले ते बरोबर झाले नाही. चर्चच्या वतीने मी माफी मागतो." चर्चला ये, असे त्यांनी म्हटले नाही. तो आता दर रविवारी येतो का? नाही. वडिलांच्या वर्षदिनाच्या मिसेला आला आणि बाहेरच्या पोर्चमध्ये उभा राहिला. धाकटी मुलगी दोतोर्नला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, येते, तिला सोडायला येतो आणि आवारात थांबतो. आम्ही त्याला घाई करत नाही.

शेजारचे आणखी एक कुटुंब 'बिलिवर्स' म्हणतात त्यांच्या, म्हणजे आपल्या चर्चबाहेर वेगळ्या सभा भरवणाऱ्या ख्रिस्ती गटाच्या, प्रार्थनेला जाऊ लागले आहे. अशांवर प्रवचनांतून टीका होते, ती मीही ऐकली आहे. मी त्या बाईला विचारले तेव्हा तिने शिकवणुकीतल्या फरकाचा एक शब्दही काढला नाही. नवरा पक्षाघाताने गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, पडून होता. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला भेटायला आलेली माणसे याच्याही खाटेपाशी थांबली, नाव विचारले, दुसऱ्या दिवशी पेजेचा डबा घेऊन आली. घरी सोडल्यावर घरीही आली. चर्चमधून कोणी आले नाही, कारण कळवायचे कोणाला हेच तिला ठाऊक नव्हते. यावर टीकेचे प्रवचन काय उपयोगाचे? पेजेच्या डब्याला उत्तर पेजेच्या डब्यानेच द्यावे लागेल.

तरुणांबद्दल पत्रलेखकांनी जास्त लिहिले आहे. मोबाईल आहेच, पण माझ्या माहेरच्या बाजूला शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत धोंड म्हणून कडक व्रत पाळणाऱ्या पोरांच्या खिशातही मोबाईल असतो. आपली मुले क्रिझ्म, म्हणजे श्रद्धा दृढ करण्याचा संस्कार, होईपर्यंत दोतोर्नला येतात, कारण हजेरी भरली नाही तर क्रिझ्म अडते. ती झाली की हजेरी संपते आणि मुलेही संपतात. त्या वर्षांत त्यांनी किती प्रश्न विचारले, आणि किती प्रश्नांना "आता गप्प बस" असे उत्तर मिळाले, हे त्यांना विचारून पाहावे. चर्चच्या वार्षिक सणाला आम्ही फेस्त म्हणतो. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "टीचर, फेस्त करायची पाळी आमच्या घरावर कधीच का येत नाही?" मला उत्तर ठाऊक होते, आणि तिलाही. गोव्यात काही ठिकाणी अजून फेस्ताचा मान, कोंफ्रारीचा (चर्चच्या सेवामंडळाचा) लाल झगा घालून मिरवणुकीत चालायचा मान, ठरावीक घराण्यांकडे आणि ठरावीक जातींकडे आहे. ख्रिस्तात यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे संत पौलाचे वचन त्या मुलीला दोतोर्नमध्ये आपणच शिकवले. वर्षातून एकदा भर मिरवणुकीत ती त्याच्या उलट बघते. ती मुलगी चर्चला येत नसेल तर मी तिला दोष देणार नाही. कित्येक गावांनी आपली फेस्ते सगळ्यांना खुली केली आहेत, त्या गावांचे काही बिघडले नाही. जिथे अजून अडले आहे तिथल्या पुढाऱ्यांनी आणि वरच्या अधिकाऱ्यांनी हा विषय पुढच्या पिढीवर सोडू नये. ती पिढीच तर आपल्याला सोडून चालली आहे.

आता कडक होण्याविषयी. न येणाऱ्यांबद्दलचे रागाचे प्रवचन मी बऱ्याच वेळा ऐकले आहे. ते ऐकायला बाकांवर असतात त्याच म्हाताऱ्या, तीच चार कुटुंबे, जी पावसापाण्यातही येतात. ती माना खाली घालून ऐकतात. ज्याच्यासाठी बोलायचे तो तिथे नाही आणि जो तिथे आहे त्याला बोलणी. शाळेत माझ्या वर्गातले मूल चार दिवस आले नाही तर मी हजर मुलांवर ओरडत बसले नाही. शाळा सुटल्यावर त्याच्या घरी जायचे. कधी ताप असायचा. कधी आई कामावर गेली म्हणून धाकट्या भावंडाला सांभाळायला ठेवलेले असायचे, कधी वही नाही म्हणून लाज वाटून मूल घरात बसलेले. दर घरी कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा. आमच्या सरकारी मराठी शाळांची पटसंख्या घसरत गेली, अनेक शाळा बंद पडल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण जिथले शिक्षक घरोघर जात राहिले त्या शाळा अधिक काळ टिकल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

चर्चच्या कायद्याचीही हीच अपेक्षा आहे. कलम 529 सांगते की फिर्गजीच्या पाद्रीने आपल्या हाती सोपवलेली माणसे ओळखावीत, कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या काळज्यांत आणि विशेषतः मृत्यूच्या दुःखात सहभागी व्हावे. त्यात चर्चला येणारी कुटुंबे आणि न येणारी कुटुंबे असा फरक केलेला नाही.

पाद्रींची बाजू मला कळत नाही असे नाही. चर्च, वाड्यावाड्यांवरची कपेले (छोटी प्रार्थनाघरे), शाळेचे व्यवस्थापन, दाखले, गळक्या छपराची दुरुस्ती, बैठका, सगळे एका माणसाच्या गळ्यात. त्यात काही वर्षांनी बदली. जाताना तो गावाची ओळख आपल्याबरोबर घेऊन जातो आणि नव्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून हे काम वाड्यावरच्या माणसांनी उचलले पाहिजे. प्रत्येक समुदायाने एक वही ठेवावी. तीत वर्गणी लिहू नये. अंथरुणाला कोण खिळले आहे, रविवारी कामावर कोण असते, कोणाच्या घरी मृत्यू होऊन अजून वर्ष झाले नाही, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे लिहावे. भाड्याच्या खोल्यांत नवीन कोण आले आहे तेही लिहावे. मालवण-सावंतवाडीकडून आलेली ख्रिस्ती कुटुंबे आहेत, झारखंडहून घरकामाला आलेल्या मुली आहेत. कोकणी मिसेत त्या भांबावून मागे उभ्या राहतात आणि पुढच्या रविवारी दिसत नाहीत. नवा पाद्री आला की त्याच्या हाती पहिल्या आठवड्यात ही वही द्यावी आणि त्याच्याबरोबर फिरावे.

पैशांचा विषय निघतोच, म्हणून थोडक्यात लिहिते. प्रत्येक फिर्गजीत आर्थिक समिती असलीच पाहिजे, हा कायदाच आहे (कलम 537). तिने वर्षाचा जमाखर्च चर्चच्या फलकावर सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरांत लावावा. फेस्ताला किती आले, छपराला किती गेले, गरिबांना किती दिले. ज्या घरांत चर्चच्या पैशांविषयी कुजबुज होते, त्यांतल्या बहुतेकांना एवढेच हवे आहे.

मराठी शिकवत आयुष्य गेले, म्हणून एक जुनी गोष्ट आठवते. 1579 साली गोव्यात आलेले येशूसंघाचे (जेज्वीट) इंग्लिश पाद्री थॉमस स्टीफन्स सासष्टीत राहिले, आणि त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोलला छापले गेले. त्याच्या आरंभी प्रसंग असा येतो: रविवारी चर्चमध्ये दोतोर्न चाललेली असताना एक ख्रिस्ती माणूस उठून पाद्रींना सांगतो की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केली, मग त्या जागी आम्हाला वाचायला आमच्या भाषेत काहीतरी द्या. ती तक्रारच होती, भर सभेत केलेली. पाद्रींनी त्याला गप्प बसवले नाही, त्याची श्रद्धा कच्ची आहे असे म्हटले नाही. त्याला काय कमी पडते ते ओळखले आणि उत्तर म्हणून दहा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या. पुढे कित्येक पिढ्या त्या ओव्या चर्चमध्ये वाचल्या गेल्या. चारशे वर्षांपूर्वी परक्या देशातून आलेल्या पाद्रीला जे जमले, ते आपल्याच गावात जन्मलेल्या, आपलीच भाषा बोलणाऱ्या आजच्या पाद्रींना का जमू नये?

आमच्या वाड्याच्या समुदायाने विगार फादरांना, म्हणजे फिर्गजीच्या मुख्य पाद्रींना, दोन मागण्या लेखी दिल्या आहेत. पहिली, हंगामात किनारी भागातल्या चर्चांनी आळीपाळीने रविवारी दुपारी साडेतीनला एक मीस ठेवावी, आणि ती कुठे आहे याचा कागद हॉटेलांच्या कामगारांच्या दारापाशी लावावा. दुसरी, दफनाची वेळ ठरवायला आलेल्या माणसासमोर वर्गणीची वही उघडू नये. दुसरीला त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि ऑफिसातल्या माणसाला बोलावून आमच्यासमोर सांगितले. पहिलीबद्दल शेजारच्या पाद्रींशी बोलून कळवतो म्हणाले आहेत. हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, त्याआधी निर्णय व्हावा म्हणून आम्ही पाठपुरावा करणार आहोत. वाचनाच्या यादीविषयीही मी बोलले आहे. ती बाई परत वाचायला तयार आहे का, हे विचारायला यादी करणाऱ्या बाई स्वतः तिच्याकडे जाणार आहेत. पत्रलेखक बंधूंच्या फिर्गजीत असे काही करून पाहिले असेल, तर त्यांनी या सदरातून जरूर लिहावे.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, बार्देश